पेंडीच्या पोत्यातलं पुस्तक

मी एक पुस्तक आहे. दाखल क्रमांक चारशे बारा, पानं एकशे शहात्तर. छापून चोवीस वर्षं झाली तरी माझं शेवटचं पान एकाही माणसानं पाहिलेलं नव्हतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारीचे दिवस मागे पडले. आता माझं बरं चाललं आहे, म्हणूनच पहिल्यापासून सगळं निवांत सांगता येतं.

माझा जन्म जानेवारी १९८९ मध्ये औरंगाबादच्या एका गल्लीतल्या छापखान्यात झाला. मी रहस्यकथा आहे, आणि एकटा नाही. नेकनूरकर आणि चौसाळकरबाई या दोन खाजगी गुप्तहेरांच्या कथांची एक मालिका होती, तिच्यातला मी नववा. नेकनूरकर आधी मोजणी खात्यात होते. ते बोलतात कमी, चालतात जास्त, आणि कुठेही गेले तरी पावलं मोजतात. चौसाळकरबाईंनी वीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेली. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नाहीत. बीडमध्ये एका खानावळीच्या वर दोघांची कचेरी आहे, आणि खालून फोडणीचा वास आला की बाई शिंकतात. माझं नाव ‘बंद जिनिंगचा भोंगा’. सहा वर्षं बंद पडलेल्या जिनिंगचा भोंगा एका सकाळी आपोआप वाजतो, लोक धावत जातात, तर आत कापसाच्या ढिगावर राखणदार मरून पडलेला. इथपर्यंत सांगायला हरकत नाही, कारण हे अकराव्या पानापर्यंतच येतं.

अकरावं पान लक्षात ठेवा. माझं दुःख तिथं होतं.

शिरूर कासारजवळच्या एका गावात सोसायटीचं गोदाम आहे. त्याच्या अर्ध्या भागात खतं आणि बियाणं, उरलेल्या अर्ध्यात वाचनालय. ते उघडायचे रेवणसिद्ध. त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, कानाला बारीक काडीचा चष्मा. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. दुकानातली साखर जशी ते दोन बोटांनी चिमटून पाहायचे तशीच परत आलेल्या पुस्तकाची पानंही. त्यांनी मला निळ्या कागदाचं वेष्टण घातलं आणि आठव्याच्या शेजारी ठेवलं.

मला सर्वांत आधी नेलं बंकटनं. तेव्हा तो विशीतला, नुकताच सोसायटीत क्लार्क म्हणून लागलेला. त्याला एक हौस होती. रहस्य उलगडायच्या आत आपण खुनी पकडायचा. तो मला घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आला.

“झालं बी?” आप्पांनी विचारलं.

“आप्पा, ह्या लेखकात आता काय दम राहिला न्हाई. आपून साठाव्या पानावरच माणूस धरतो.”

आप्पा हसले आणि मला कपाटात ठेवलं. अकरावं पान त्यांनी उघडून पाहिलं नाही. तिथं, राखणदाराचा मृतदेह सापडतो त्या ओळीशेजारी, बंकटनं निळ्या पेनानं लिहिलं होतं: ‘खुनी – कंपाउंडर. साठाव्या पानावरच ओळखला.’ आणि साठाव्या पानावरच त्यानं मला मिटलं होतं.

ते उत्तर चुकीचं होतं.

मी हे तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. पण पुस्तकाला जेवढं छापलं आहे तेवढंच बोलता येतं, आणि तेही कुणी त्या पानापर्यंत आलं तर. कुणी येईना. माणसांची एक सवय मी चोवीस वर्षं पाहिली. छापलेल्या एकशे शहात्तर पानांपेक्षा पेनानं खरडलेल्या एका ओळीवर त्यांचा विश्वास जास्त असतो. जो तो मोठ्या आशेनं मला घरी न्यायचा, ओसरीवर टेकून बसायचा, दहा पानं मजेत वाचायचा, अकराव्यावर यायचा आणि ‘हात् तिच्या’ म्हणून मला पालथं घालायचा. एका गुरुजींनी मला उशीखाली तीन आठवडे ठेवलं, पण वाचलं नाही. सावित्रीबाई नावाच्या एका अंगणवाडीताईंनी परत देताना आप्पांना तोंडावर सांगितलं, “उष्टं पुस्तक देऊ नका आम्हाला.” शेवटी मला मागणंच बंद झालं. माझी पहिली दहा पानं हातांनी काळवंडून मऊ पडली, आणि पुढची घडी न मोडलेल्या नव्या धोतरासारखी कडक राहिली.

मग २०१३ सालचा दुष्काळ आला. आदल्या वर्षी पीक असं हातात आलंच नव्हतं. फेब्रुवारीत माळावर जनावरांची छावणी उघडली, आणि ती चालवायचं काम सोसायटीकडे आलं. पेंडीची पोती ठेवायला अख्खं गोदाम लागणार होतं. आप्पांनी पुस्तकं आपल्या घराच्या माळवदाखालच्या खोलीत हलवायची ठरवली. खोकी मिळेनात, म्हणून पेंडीच्याच रिकाम्या पोत्यांत आम्हाला भरलं आणि तोंडं सुतळीनं शिवली. इथंच घोटाळा झाला. आठ पोती आप्पांच्या घरी गेली. नववं हमालांनी सरकीच्या पेंडीबरोबर ट्रॅक्टरमध्ये टाकलं आणि ते छावणीत पोचलं. त्या पोत्यात मी होतो.

ते पोतं भिवराबाईंच्या दावणीला आलं.

भिवराबाई पन्नाशीच्या. लग्न झाल्यापासून दरसाल दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायच्या. या साली गुडघ्यानं दगा दिला. म्हणून नवरा धोंडीराम आणि मुलगा-सून कोल्हापूरकडे कारखान्यावर गेले, आणि भिवराबाई हौशा-पवळ्या या दोन बैलांना घेऊन छावणीत राहिल्या. शेडनेटच्या तुकड्याखाली एक बाज, तीन दगडांची चूल आणि समोर बैल. ज्या उसानं त्यांची कंबर मोडली तोच ऊस आता ट्रकमधून बैलांसाठी यायचा, आणि त्या तो दगडावर बसून तोडून घालायच्या.

त्यांनी विळ्यानं सुतळी कापली, पोत्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. त्या अजून माझ्याकडे पाहतच होत्या तेवढ्यात हौशानं मान लांब करून माझी खालची कड चाटली.

शेजारच्या दावणीवरच्या सुंदरबाई खो खो हसल्या. “अगं भिवराबाई, तुझा बैल शाळा शिकायलाय बघ!”

“शिकू दे,” भिवराबाई म्हणाल्या. “मपल्यापरीस त्याचंच पुरं व्हईल.”

त्या हसत म्हणाल्या, पण मला नंतर कळलं की हीच त्यांची सल होती. साक्षरतेच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या होत्या. पहिलं पुस्तक अर्धं झालं आणि दसरा आला, टोळी निघाली. परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अर्ध्यावर दसरा. पाकिटावरचा पत्ता, एसटीची पाटी, औषधाची बाटली, सगळं त्या वाचायच्या. पण एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं.

संध्याकाळी आप्पा स्कूटरवरून घामाघूम होऊन आले आणि पोतं ताब्यात घेतलं. भिवराबाई पदर सावरून म्हणाल्या, “आप्पा, यातलं एखादं ठिवता का? दिवसभर बसून डोस्कं उठतंय.”

आप्पांनी पुस्तकं खालीवर केली. चांगली मागणीची पुस्तकं सोडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी मला काढलं.

“हे घ्या. हे कुणी मागत न्हाई.”

असं तोंडावर ऐकायला बरं वाटत नाही.

“पर एक आट हाय,” आप्पा म्हणाले. “पुरं वाचून परत द्यायचं. अर्धं ठिवून आणलं तर दुसरं मागू नका.”

“पुरंच वाचीन,” भिवराबाई म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून आम्हा दोघांची गरज एकच झाली.

गुरुवार, १४ मार्चला दुपारी त्यांनी मला उघडलं. छावणीत दुपारी करायला काही नसे. चाऱ्याचं वाटप सकाळी उरकायचं आणि पाण्याचा टँकर चारच्या पुढं यायचा. मधले तीन तास माणसं आणि जनावरं सारखीच रवंथ करत बसायची. भिवराबाईंना मनात वाचता येत नव्हतं. ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचलं तरच त्यांना अर्थ लागायचा. त्यामुळे पहिल्याच दिवशी सुंदरबाई उसाचं कांडं चघळत जवळ सरकल्या, आणि त्यांच्या मागून आश्रुबा आले.

आश्रुबांचं वय सत्तरीच्या पुढं. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण पन्नास वर्षं श्रावणात गावात पोथी लागली की तिचा अर्थ सांगायला तेच बसायचे. तुम्हाला ती रीत माहीत असेल. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं फोडून सांगायचं, आणि बाकीच्यांनी ‘बरोबर’ म्हणायचं. आबांनी घोंगडीची घडी करून तिच्यावर मला ठेवायला लावलं आणि समोर मांडी घातली.

“हां. वाच गं बाई. एकेक वळ.”

भिवराबाईंनी अगदी पहिल्या कागदापासून सुरुवात केली. वाचनालयाचा शिक्का वाचला, दाखल क्रमांक वाचला, छापखान्याचा पत्ता वाचला. मग वाचलं, “सर्व हक्क स्वाधीन.”

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा क्षणभर विचार करून म्हणाले, “म्हंजी अजून भावाभावांत वाटणी झालेली न्हाई.”

“बरोबर,” सुंदरबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी अकरावं पान आलं. तोवर पंधरा-वीस माणसं जमू लागली होती. माझा जीव वर-खाली होत होता, कारण भिवराबाई पानावर जे जे असेल ते सगळं वाचायच्या, शिक्कासुद्धा सोडायच्या नाहीत. त्यांचं बोट मृतदेहाच्या ओळीवरून सरकत त्या निळ्या अक्षरांपाशी आलं. थांबलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग बोट उचललं आणि खालच्या छापील ओळीवर टेकलं.

“काय झालं गं? अडलं का?” आबांनी विचारलं.

“न्हाई आबा. कागदावर डाग हाय.”

सगळे उठून गेल्यावर त्यांनी कनवटीची चाऱ्याची चिठ्ठी काढून अकराव्या पानाशेजारी धरली. छावणीत जनावरांची हजेरी आणि चाऱ्याच्या चिठ्ठ्या बंकटकडे होत्या. आता तो पंचेचाळिशीचा, केस विरळ झालेले, पण अक्षर तेच. त्याच्या ‘क’ची शेपटी नांगराच्या फाळासारखी वाकते. भिवराबाईंनी दोन्ही ‘क’ वर बोट फिरवलं. नेकनूरकर असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

“बंक्या, लेकाच्या,” त्या एवढंच पुटपुटल्या.

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच मला मिटून टाकलं असतं. भिवराबाईंनी दुसऱ्या दिवशी बारावं पान उघडलं. मला बारावं पान उघडल्याचा आवाज ऐकून किती वर्षं झाली होती ते मोजवत नाही. त्यांच्या ओठांवरून एकदाही कंपाउंडरचं नाव हवं त्याहून जोरात आलं नाही. खुनी कोण हे आपल्याला माहीत आहे असं त्या समजत होत्या, आणि तरी रोज वाचत होत्या. ऐकणाऱ्यांना अकरावं पान दिसत नव्हतं, आणि त्यामुळे ते पहिल्यांदाच माझ्याकडे कोऱ्या मनानं आले होते.

एका टँकरला एक प्रकरण असा नेम बसला. वाद सुरू झाले. सुंदरबाईंना जिनिंगच्या मॅनेजरचा संशय. “रुमालाला सेंट लावणारा गडी सरळ नसतोय.” आबांना राखणदाराच्या मेव्हण्याचा. आबा अर्थ सांगता सांगता कथेत स्वतःचीही भर घालायचे. नेकनूरकर जिनिंगभोवती पावलं मोजत फिरतात, तिथं आबा म्हणाले, “मोजणीचा माणूस हाय. बांध कोरला का बघायलाय.” चौसाळकरबाई फोनवर एक आवाज ओळखतात, तिथं बायकांच्या बाजूनं टाळी पडली.

सातव्या दिवसापासून बंकट मागं उभा राहू लागला. हातात हजेरीची वही, कानावर पेन. आपण हे पुस्तक ओळखतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. रोज तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि भिवराबाई त्याच्याकडे एकदाच बघायच्या. तो गप्प बसायचा. माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवणं बंकटला किती जड जात होतं, ते मला त्याच्या पायांच्या चुळबुळीवरून कळायचं.

सोमवार, १ एप्रिलला बारावं प्रकरण होतं. त्यात चौसाळकरबाई एकट्याच जिनिंगमागच्या पडक्या आडावर जातात, मागून कुणीतरी ढकलतं, आणि त्या आत पडतात. आडाला पाणी नाही, पाय मुरगळलेला, वर कुणी नाही. प्रकरण तिथंच संपतं. भिवराबाई थांबल्या. चाळीस माणसं श्वास धरून बसली होती.

“त्या मॅनेजरनंच ढकललं,” सुंदरबाई ओरडल्या.

आणि बंकटचा धीर सुटला.

“कशाचा मॅनेजर! कंपाउंडर हाय तो. राखणदाराला बी त्यानंच मारलंय. मी लई वर्सांमागं वाचलतं हे.”

वाऱ्याला शेडनेट फडफडलं.

“घातली का माती!” एक जण म्हणाला.

“कावून सांगितलं बे? कुणी इचारलं व्हतं का तुला?”

“मला वाटलं, सांगावं...”

“आता काय ऐकायचंय यात,” असं म्हणत धोतरं झटकली गेली. बाया उठल्या. कुणी बादल्या गोळा करायला लागलं. मी भिवराबाईंच्या मांडीवर उघडा होतो आणि मला चोवीस वर्षांत जे शंभरदा झालं तेच पुन्हा होताना दिसत होतं. फरक एवढाच की या वेळी मी निम्म्याच्या पुढं आलो होतो, त्यामुळे जास्त लागलं. भिवराबाईंचा हात माझ्या पानावर तसाच होता. ऐकणारे गेले तर त्यांचंही वाचन थांबणार हे त्या हाताला कळलं असावं.

त्या म्हणाल्या, “मला तर पयल्यापासून ठावं हाय. पुस्तकात लिवून ठिवलंय यानंच. तरी वाचायलेच न्हवं मी? त्यानं केला, पर कसा केला, कावून केला, भोंगा कसा वाजला, ते कुटं सांगितलंय यानं?”

लोक थबकले, पण बसले नाहीत.

तेव्हा आश्रुबा बोलले. ते जागचे हललेही नव्हते.

“बसा समदे.”

“आता कशाला आबा?”

“बाई आडात हाय.”

“मंग?”

“मंग काय मंग? माणूस संकटात आसताना पोथी बांदीत न्हाईत. बापजाद्याची रीत हाय. लढाईत गडी बेशुद्ध पडला तर तो उठंपर्यंत वाचतेत. मंगच सोडतेत. बाईला आडात ठिऊन निंघालेत पाणी भरायला! लाज वाटती का?”

कुणी म्हणालं, “आबा, ही काय पोथी हाय का?”

“मी एकोणीस दिस अर्थ सांगितलाय तिचा. पोथी न्हाई तर काय हाय?”

एकेक माणूस खाली बसलं. एवढ्यात माळाच्या टोकाला टँकरचा धुरळा दिसला. एरवी टँकर दिसला की छावणी धावत सुटायची. त्या दिवशी ज्यांच्या घरची दोन माणसं होती त्यांतलं एक गेलं, दुसरं बसून राहिलं. आपल्या बादल्या भिवराबाईंनी बंकटच्या हातात दिल्या.

“जा. हौशा-पवळ्याचं पाणी तू आण. ह्योच तुला दंड.”

बंकट बादल्या घेऊन गेला.

भिवराबाईंनी तेरावं प्रकरण सुरू केलं. नेकनूरकर आडाशी येतात, मोजणीची साखळी आत सोडतात, बाई वर येतात. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. आबांनी खूण केली असती तर वाचन तिथंच थांबलं असतं. पण प्रकरणाचं एकच पान उरलं होतं, म्हणून भिवराबाईंनी तेही वाचलं. दोघं कंपाउंडरला जाब विचारायला दवाखान्यात जातात. दार ढकलतात. कंपाउंडर खुर्चीत बसलेला असतो, मान कलती, आणि अंग गार.

“म्हंजी?” सुंदरबाईंनी विचारलं.

“म्हंजी मेला,” आबा म्हणाले.

“कुणी मारला?”

“ते पुढं आसंल.”

दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन बंकट परत येत होता. सगळी छावणी त्याच्याकडे वळून हसायला लागली. काय झालं ते त्याला कळेना.

“कावून रं बंकट,” सुंदरबाई म्हणाल्या, “मेलेला माणूस आडात ढकलतो व्हय रं?”

त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं बादल्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, “मेला म्हून काय झालं? मरायच्या आदी केला आसंल खून.”

तर्क म्हणून हे काही अगदीच चूक नव्हतं. त्यामुळे वाद आणखी वाढला, आणि माझं साधलं. दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या दावण्यांवरचीही माणसं आली. बंकट मागं उभा राहायचा तो आता पुढं येऊन बसायला लागला, कारण सर्वांत जास्त काळजी त्यालाच होती.

बुधवार, १७ एप्रिल. शेवटचं प्रकरण. भिवराबाईंनी पान उलटलं आणि त्या थबकल्या. माझी शेवटची आठ पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात त्या पानांचा फर्मा शिवताना जरा खाली बसला होता, त्यामुळे कड कापणारं पातं त्याच्या घडीपर्यंत पोचलंच नव्हतं. इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तिथवर कुणी आलंच नाही.

“ही तर फोडलेलीच न्हाईत,” भिवराबाई म्हणाल्या.

आबांनी पानं हातात घेऊन चाचपली. मग सावकाश मान वळवली. “बंकट. तू वाचलतं म्हनला न्हवं?”

सगळे बंकटकडे बघत होते. त्यानं कान खाजवला.

“मी कुटं म्हनलो पुरं वाचलं म्हून. मी म्हनलो वळखलं.”

त्यावर जो हशा पिकला, त्यानं पवळ्या दावं ताणून उभा राहिला.

भिवराबाईंनी विळा घेतला. पदरानं पातं पुसलं. मला भीती वाटली नाही असं नाही. ज्या हातानं तीस हंगाम ऊस तोडला त्याला कागद झेपेल का, असं मनात आलं. पण त्यांनी विळ्याचं टोक घडीत अलगद शिरवलं आणि पेंढीची गाठ सोडवावी तसं पुढं सरकवलं. एक घडी, दुसरी, तिसरी. कुठं फाटलं नाही. आतून चोवीस वर्षं कोंडलेला शाईचा वास आला, आणि जवळ बसलेल्यांनी तो नाकानं ओढून घेतला.

मग त्यांनी वाचलं. मधे पाणी प्यायल्या नाहीत. आबांनी अर्थ सांगितला नाही, कारण कुणी त्यांना बोलूच दिलं नाही. खुनी कोण ते जेव्हा आलं, तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. भिवराबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मॅनेजर नाही, मेव्हणा नाही, कंपाउंडर नाही. बंकटनं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, “दुसऱ्याच पानावर व्हता की रं तो!” भिवराबाईंनाही धक्का बसला होता, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी जन्मात विसरणार नाही. उत्तर आपल्याला माहीत आहे असं समजून एकशे पासष्ट पानं वाचणाऱ्या बाईला शेवटी ते माहीत नव्हतं असं निघालं.

शेवटची ओळ झाली. त्या थांबल्या नाहीत. मागे मालिकेतल्या पुस्तकांची यादी होती, ती वाचली. प्रकाशकाचा पत्ता वाचला. मग पान उलटलं, तर समोर कोरा पुठ्ठा.

“संपलं?” सुंदरबाईंनी विचारलं.

“संपलं,” भिवराबाई म्हणाल्या. आणि मग, स्वतःशीच, “पुरं झालं.”

समाप्ती म्हणून गूळ-शेंगदाणे वाटले. सुंदरबाईंनी माझ्या निळ्या वेष्टणावर हळद-कुंकू वाहिलं. त्याचा डाग अजून आहे. आप्पा आले तेव्हा त्यांनी सवयीनं पानं चिमटून पाहिली. पहिलीइतकीच शेवटचीही मळली होती. पिशवीतून मालिकेतलं दहावं पुस्तक काढून दिलं आणि मला न्यायला हात पुढं केला.

“आप्पा, हे थोडं दिवस राहू द्या,” भिवराबाई म्हणाल्या. “आमचं माणूस यायचंय कारखान्यावरून.”

म्हणून मी अजून इथंच आहे. मे महिना लागला. टँकर उशिरा येतो, माळ तापतो, दहाव्याचं वाचन सकाळी आणि माझं दुपारी, असं ठरलं आहे. धोंडीराम गेल्या आठवड्यात टोळीबरोबर परतले. उंच, वाळलेले, हातांवर उसाच्या पातीचे ओरखडे. त्यांना वाचता येत नाही. छावणीत आल्या आल्या त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कोण व्हता गं?”

“बसा,” भिवराबाई म्हणाल्या. “वाचते.”

सकाळी धोंडीरामांनी सुंदरबाईंना गाठलं, दुपारी आबांना. कुणी दाद देईना. आबांनी सांगितलं, “पोथीचं फळ उधार मिळत न्हाई.” शेवटी धोंडीराम बंकटला एकटं गाठून म्हणाले, “तू तरी सांग.” बंकट लाल झाला, त्यानं हजेरीची वही उघडली, मिटली, आणि तोंड घट्ट दाबून तिथून निघून गेला. त्या दिवशी मी त्याला सगळं माफ केलं.

वाचकहो, मला तुम्ही कुठं भेटाल ते माहीत नाही. कुठं भेटलोच, तर पुढं येणाऱ्यासाठी समासात शहाणपण लिहू नका, आणि दुसऱ्यानं लिहिलेलं दिसलं तर तिथं थांबू नका. खुनी कोण हे मला विचाराल, तर मी सांगणार नाही. ते माझ्यात छापलं आहे, एकशे त्र्याहत्तराव्या पानावर, आणि ते पान आता मोकळं आहे.

आता निघतो. तीन वाजले. घोंगडी अंथरली आहे. चाळीस माणसं भोवती बसली आहेत, सगळ्यांना शेवट ठाऊक आहे, आणि सगळी एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसली आहेत. भिवराबाईंनी ओळीखाली बोट ठेवलं. धोंडीराम पुढं झुकून म्हणाले, “मला वाटायलंय, मॅनेजरच हाय.”

सुंदरबाईंनी पदर तोंडात कोंबला.

“बरोबर,” आश्रुबा गंभीरपणे म्हणाले. “वाच गं बाई पुढं.”